‘आम्हीही मध्यमवर्गीयच हो’

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

नमस्कार. मी ४८ वर्षांची, बँकेत अधिकारी आहे. लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणी कामगार. ८२च्या संपानंतर त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. आईने जेवणाचे डबे करून आम्हा तिघांना शिकवलं. फोर्टमधल्या कॉलेजात मुली मला ‘घाटी’ म्हणायच्या, ते अजून कानात आहे. आज माझा पगार वर्षाला १६ लाख, मिस्टरांचा २२ लाख. सासऱ्यांनी पार्ल्यात सोसायटीत घेतलेल्या जागेचं रिडेव्हलपमेंट झालं आणि मागच्या वर्षी आम्ही नव्या इमारतीत आलो. घर आता साडेतीन कोटींचं आहे म्हणतात, पण राहत्या घराची किंमत काय चाटायचीय?

लेक एकोणीस वर्षांची, समाजशास्त्र शिकते. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाली, “आई, स्वतःला मध्यमवर्गीय म्हणणं बंद कर. आपण श्रीमंत आहोत.” वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची चाळीस टक्के संपत्ती आहे, असंही ऐकवलं. मिस्टरांनी लगेच फोन काढून भारत समानतेत जगात चौथा असल्याचा मेसेज दाखवला. जेवण तसंच राहिलं. सासूबाईंची औषधं, गाडीचा हप्ता, तिचीच फी, हे सगळं भागवून आम्ही सुट्टीला फार तर गुहागरला जातो. यात श्रीमंती कुठे आली?

त्याच दिवशी सकाळी आमच्या बाईंनी पाचशे रुपये वाढवून मागितले होते. अकरा वर्षं आहेत, अगदी घरच्यासारख्या. मी म्हटलं, “बघू, आम्हीही मध्यमवर्गीयच हो.” त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण लेक तेव्हापासून धड बोलत नाही. खरं तर बाईंचंही वाईट चाललेलं नाही. पाच घरांचे मिळून महिना बावीस हजार होतात, नवरा वॉचमन आहे, त्याला सोळा मिळतात, आणि एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात, फुकट घर मिळायचंय ते वेगळंच.

आणखी एक. कमिटीने मला नोटीस लिहायला सांगितलीय: ‘कामवाल्या बायका, ड्रायव्हर व डिलिव्हरीवाले यांनी मागची लिफ्टच वापरावी.’ सभ्य भाषेत कशी लिहू? रविवारी मीटिंग आहे.

— एक आई, विलेपार्ले पूर्व


नमस्कार ताई,

पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य तुम्ही ‘याच्याशी काही संबंध नाही’ म्हणून बाजूला सारलंय. त्याकडे येतेच. आधी जेवणाच्या टेबलावरचे आकडे निस्तरू. ते काम सोपं आहे, कारण लेकही खरं बोलतेय आणि मिस्टरही.

लेकीचा आकडा मार्च २०२४ च्या एका शोधनिबंधातला आहे. नितीन कुमार भारती, लुकास शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमांची या चौघांनी भारतातल्या उत्पन्नाच्या नोंदी १९२२ पासून लावून पाहिल्या. त्यांच्या मते वरच्या एक टक्क्याचा वाटा आज आहे इतका पूर्वी कधीच नव्हता: २०२२-२३ मध्ये उत्पन्नात २२.६ टक्के, संपत्तीत ४०.१ टक्के. मिस्टरांचा मेसेजही हवेतला नाही. जागतिक बँकेच्या आकड्यांच्या आधारे केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये तसं प्रसिद्धिपत्रक काढलं होतं. त्यातला २५.५ हा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप, जितकं कमी तितकी समानता जास्त) मात्र घरखर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे. महिन्याला तेल किती, साबण किती, भाजी किती, असं विचारत जाणारी ही पाहणी. हजार कोटींचा धनी काही हजारपट भात खात नाही. त्याचे शेअर, जमिनी आणि तिसरा-चौथा फ्लॅट त्या यादीत येतच नाहीत, आणि तसल्या इमारतीत पाहणीवाल्याला वॉचमन वर तरी सोडतो का, हाही प्रश्नच. थोडक्यात, मिस्टरांनी ताट मोजलं आणि लेकीने तिजोरी.

आता तुमचा हिशेब. त्याच निबंधानुसार वर्षाला २ लाख ९० हजारांवर कमावणारी प्रौढ व्यक्ती देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत जाते. २० लाख ७० हजार ओलांडले की वरच्या एक टक्क्यात. म्हणजे मिस्टर एक टक्क्यात आहेत, तुम्ही थोडक्यात हुकलात, आणि आमटी मात्र दोघं एकाच पातेल्यातली वाढून घेता. रांगेच्या बरोब्बर मधोमध उभा असलेला माणूस वर्षाला लाखभर कमावतो. आणि तुमच्या बाई? महिना बावीस हजार म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. त्यांच्या नवऱ्याचे १ लाख ९२ हजार. दोघंही खालच्या अर्ध्याच्या वर, वरच्या दहाच्या खाली. देशाच्या रांगेत ‘मध्यम’ म्हणून बोट ठेवायला गेलात, तर ते तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंवर पडतं.

मुंबईत लाख-दोन लाखांत काय होतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, म्हणून मुंबईचीच मापं घेऊ. म्हाडाच्या सोडतीत इथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम, त्याच्या वर उच्च. बाई अत्यल्पमध्ये बसतात. तुम्ही अडतीस लाखांसह उच्चमध्ये, आणि तिथवर चढताना तुम्हाला धापही लागलेली नाही. १९९९ मध्ये आलेल्या तिरंगी शिधापत्रिकांत तर एक लाख उत्पन्न झालं की पांढरं कार्ड. त्या पांढऱ्या रंगात महिन्याला साडेआठ हजार कमावणारं कुटुंब आणि अल्टामाउंट रोडवरचं सत्तावीस मजल्यांचं कुटुंब मांडीला मांडी लावून बसतं. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाची मर्यादा आठ लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, ते मध्यमवर्गाला दिलासा म्हणून. ज्या खिडकीपुढे उभं राहाल तिथली रेघ वेगळी. गंमत एवढीच की यातल्या एकाही रेघेने तुम्ही मध्ये येत नाही.

तरी ‘आम्ही मध्यमवर्गीय’ असं तुम्ही लिहिता तेव्हा मला त्यात ढोंग दिसत नाही.

एक तर या शहरात मान वर करून बघायला सतत कुणीतरी असतं. २०२४ च्या हुरून या अतिश्रीमंतांच्या यादीत मुंबईत ९२ अब्जाधीश होते, बीजिंगपेक्षा एक जास्त. त्यांच्याकडे बघत बघत घरी आलं की आपली गाडी खेळण्यातली वाटते. दुसरं, सासूबाई उद्या अतिदक्षता विभागात गेल्या तर दहा दिवसांत किती लाख जातील, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिल्लक असूनही ती आपली आहे असं वाटत नाही, ती कुठल्यातरी हॉस्पिटलच्या काउंटरवर आधीच मांडून ठेवल्यासारखी असते.

आणि तिसरं तुमचं लालबाग. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या असंख्य घरांत पगार म्हणून पुन्हा काही आलंच नाही. ज्या घरात एका जानेवारीत पगार थांबला तो थांबलाच, त्या घरातली मुलगी पुढे कितीही मोठ्या खुर्चीवर बसली तरी ‘आपल्याकडे आहे’ हे तोंडाने उच्चारत नाही. नजर लागेल ना! त्या गिरण्यांच्या जागेवर आता मॉल आणि टॉवर आहेत, आणि लोअर परळच्या काही टॉवरांची जाहिरात ‘अप्पर वरळी’ म्हणून होते, कारण परळ म्हटलं की भाव पडतो. तुमच्या वडिलांचा पत्ताच लोकांना अडचणीचा झाला, मग तुम्हाला इथे पाहुण्यासारखं वाटलं तर नवल काय?

‘घाटी’ हा त्याच जातकुळीतला शब्द. त्या मुली तुमच्या वडिलांची पासबुकं बघत नव्हत्या. त्यांना तुमचे इंग्रजी उच्चार, डब्यातली भाकरी आणि केसांचं तेल दिसत होतं. त्यांच्यातल्या निम्म्याजणींपेक्षा आज तुमचा पगार जास्त असेल, तरी ती जखम वेतनवाढीने भरून येत नाही. तुम्ही ‘मध्यमवर्गीय’ म्हणता तेव्हा त्यात हे सगळं येतं: चाळ, आईचे डबे, ऋण काढून सण न करण्याची शिस्त. ते तुमचं आहे. लेकीच्या टक्केवारीने ते खोटं ठरत नाही, आणि ते सोडून देण्याचं तुम्हाला कारणही नाही.

पण त्या सकाळी ओट्यापाशी हा शब्द दुसऱ्याच कामाला लावला होता, ताई. महिना पाचशे म्हणजे वर्षाला सहा हजार. अडतीस लाखांत ते शोधायला भिंग लागेल. ‘परवडत नाही’ म्हणणं तुमच्या जिभेवर आलं नाही, कारण ते खरं नव्हतं आणि तुम्ही सरळ बाई आहात. ‘आम्हीही मध्यमवर्गीयच’ म्हणालात. त्यात नकारही उरकला आणि तुमची-आमची गत सारखीच, असा गोडवाही आला. बाईंनी त्यावर काय बोलायचं? ‘नाही हो, तुम्ही श्रीमंत आहात’, असं अकरा वर्षांचं काम हातात असताना कोण म्हणेल? लेकीने हे ऐकलं. ‘पाचशे रुपये का नाही दिलेस?’ एवढंच तिला विचारायचं होतं. ते आईला थेट विचारवेना, म्हणून रात्री तिने पिकेटीला मध्ये घातला.

‘घरच्यासारख्या’ हेही त्याच ओळीत आलंय. बाई, मावशी, ताई म्हणण्यातला आपला जिव्हाळा खोटा नसतो. पण मावशीच्या पगारवाढीची तारीख कुणी ठरवत नाही, तिला पगारी रजा कुणी देत नाही, खाडा झाला की पैसे मात्र बरोब्बर कापतो. नातं आणि नोकरी यांपैकी त्या दिवशी जे स्वस्त पडेल ते आपण पुढे करतो. तुम्ही बँकेत आहात, तुमचा महागाई भत्ता दर तिमाहीला बदलतो आणि त्यासाठी तुम्हाला मॅनेजरच्या केबिनबाहेर पदर सावरत उभं राहावं लागत नाही. शेवटची वाढ बाईंना कधी दिली होती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, न लिहिण्याचं कारण तुम्हाला माहीत असेल.

तेव्हा मागितलेले पाचशे या महिन्यापासून द्या, आणि ‘बघू’ म्हटलं त्या महिन्याचेही जोडून द्या. त्यावर भाषण नको. पुढे दर वर्षी कुठल्या महिन्यात वाढ होणार ते त्यांच्याशी बसून ठरवा. महिन्यातल्या पगारी सुट्ट्या किती, दिवाळीला बोनस किती, तुम्ही गुहागरला गेलात तर त्या आठ दिवसांचे पैसे मिळणार की नाही (मिळायला हवेत), हेही एकदाच बोलून टाका. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्यात नोंदणी होते. बाईंची झालीय का विचारा. तुमच्याकडे काम करतात असं लिहून सही द्यायची वेळ आली तर द्या. सोसायट्यांतली माणसं अशी सही देताना उगाच घाबरतात, जणू बाई उद्या फ्लॅटवर हक्क सांगणार आहेत.

आता ‘फुकट घर’. यावर थोडी रेंगाळणार आहे, कारण पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत सगळे सुशिक्षित लोक हे दोन शब्द एका दमात म्हणतात. एसआरएचं घर तीनशे चौरस फुटांचं असतं. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असल्याचा पुरावा असेल तरच ते मोफत. त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला अडीच लाख भरावे लागतात. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत, नाव पात्र म्हणून लागावं लागतं, आणि पात्र-अपात्रच्या फेऱ्यात माणसांचे केस पिकतात. जुनं लाइट बिल सापडेना म्हणून अपात्र ठरलेल्याला ‘फुकट’ शब्द ऐकवून बघा.

तुमच्या इमारतीचा नियम आणि बाईंच्या वस्तीचा नियम एकाच पुस्तकात आहेत: मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, नियम ३३. त्यातला ३३(१०) झोपडपट्टी पुनर्वसनाचा. ३३(७)(ब) तुमच्यासारख्या जुन्या सहकारी सोसायट्यांचा, ज्यात प्रत्येक सदनिकेमागे दहा चौरस मीटर किंवा आधीच्या बांधकामाच्या पंधरा टक्के, जे जास्त असेल तेवढं बांधकाम प्रोत्साहन म्हणून वाढवून मिळतं. तुमची इमारत नेमकी कुठल्या पोटनियमात बसली ते कमिटीच्या फायलीत असेल. पण नव्या घरात जी जागा वाढली तिचे पैसे तुम्ही बहुधा मोजले नसतील, वर बाहेर राहिलात त्या काळाचं भाडं आणि कॉर्पस म्हणून बिल्डरकडून एकरकमी पैसेही मिळाले असतील. ते सगळं शासनाने वाढवून दिलेल्या चटईक्षेत्रातूनच, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीतूनच आलं. आपल्याकडे त्याला ‘एरिया वाढला’ म्हणतात आणि पेढे वाटतात. सासऱ्यांनी जागा विकत घेतली होती, वस्तीतल्या लोकांनी नाही, हा फरक आहे आणि तो मी पुसत नाही. पण वाढलेली खोली सासऱ्यांनी घेतलेली नव्हती.

नोटीस सभ्य भाषेत कशी लिहायची? माणसांचं नाव घेऊन ती लिहूच नका. ‘कामवाल्या’च्या जागी ‘सेवक वर्ग’ किंवा ‘सपोर्ट स्टाफ’ घातलंत तर ती आणखी वाईट होईल, कारण मग ती वाचताना कुणाला टोचणारही नाही. कमिटीची खरी तक्रार काय आहे ते विचारा. लिफ्टला ओरखडे पडतात? तर लिहा: ‘फर्निचर, बांधकामाचं साहित्य, गॅस सिलिंडर आणि मोठी खोकी नेताना मागील लिफ्ट वापरावी.’ सामान कुणाचंही असो, नियम सामानाला. सकाळी आठ-साडेआठला गर्दी होते? मग ती शाळेची आणि ऑफिसची गर्दी आहे, बाई तेव्हा वर चढत असतात आणि तुम्ही खाली उतरत असता. कुणीतरी हमखास म्हणेल, ‘मेंटेनन्स आम्ही भरतो.’ त्यांना सांगा, तुमच्याकडे श्रीखंड-पुरी खायला येणारे साडूही भरत नाहीत. यापलीकडे जर कारण उरत असेल, तर ते कमिटीने स्वतःच्या सहीने लिहावं. तुमचं मराठी चांगलं आहे म्हणून ते तुमच्या गळ्यात का?

लेकीबद्दल. तिला श्रेय द्यायचं तेवढं द्या, पण तिच्या वाक्यातली ढिलाईही दाखवा. एक टक्क्याच्या उंबऱ्यावर उभा असलेला पगारदार, ज्याचा टीडीएस हातात येण्याआधीच कापला जातो, आणि त्याच एक टक्क्याच्या टोकावरचा उद्योगपती यांच्यातलं अंतर तुमच्या आणि बाईंच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं आहे. त्या निबंधात संपत्तीची सरासरीही दिलीय: खालच्या अर्ध्या लोकांची माणशी १ लाख ७० हजार, मधल्या चाळीस टक्क्यांची ९ लाख ६० हजार, वरच्या एक टक्क्याची ५ कोटी ४० लाख. सगळ्यांना ‘श्रीमंत’ या एका पोत्यात भरलं की सर्वांत वरचे त्यात आरामात लपतात. हे तिने समाजशास्त्रात लिहावं, मार्क मिळतील. फक्त हाच युक्तिवाद तुम्ही बाईंच्या पाचशेसमोर ठेवू नका.

आणि तिला नुसतं बोलू देऊ नका, कामाला लावा. मंडळाच्या नोंदणीची माहिती काढणं, बाईंचे आधार, रेशनकार्ड, जुनी लाइट बिलं एकत्र लावून परिशिष्ट-२ मध्ये नाव कसं लागलंय ते बघणं, एवढं ती एका सुट्टीत करू शकते. बाईंना हवं असेल तरच, आणि त्यांच्या वेळेने.

स्वतःला काय म्हणायचं हे तुम्ही विचारलंच नाहीत, पण सगळं पत्र त्यावरच आहे. आपल्या आज्यांकडे ‘खाऊनपिऊन सुखी’ असं म्हणायची पद्धत होती. त्यात बढाई नाही आणि रडगाणंही नाही. स्थळं बघताना तुम्ही साडेतीन कोटींच्या घरासकट ‘सुसंस्कृत मध्यमवर्गीय कुटुंब’ लिहाल, तेही लिहा, तिथे सगळेच तसं लिहितात आणि वाचणाऱ्याला कळतं. पैशाची देवघेव चालू असताना मात्र आकड्यात बोला.

मीटिंग रविवारी आहे म्हणता. सेक्रेटरींना शनिवारी संध्याकाळीच फोन करा आणि सामानाचा मसुदा तयार असल्याचं सांगा. भर सभेत विरोध केलात की माणसं हट्टाला पेटतात. फोनवर ‘बरं, तसं करू’ म्हणतात, आणि आयता मसुदा हातात आला की दुसरा लिहायचा कंटाळा करतात.